ताईच्या कुंडीतला खडूस

ताईनं कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हिला काहीही करायचं नाही. पाणी नाही, खत नाही, गप्पा नाहीत. नुसती ठेवायची."

"आणि मग?"

"मग काय? मी येईपर्यंत ठेवायची."

ताई माझी थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली, पण अजूनही तिच्यासमोर उभं राहिलं की आपण रंगपेटी घरी विसरून आलोय असं वाटतं. मी स्वतः निवृत्त आहे, डोक्यावर केस मोजके आहेत, तरी ती मला बाळ्या म्हणते आणि मी ओ देतो.

हे काम तिनं माझ्याकडेच का दिलं, याचं मला नवल वाटलं नाही. मी वीजपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात होतो. एखादी गोष्ट समोर ठेवून तिला महिनोन् महिने काहीही करायचं नाही, याचा माझ्याइतका अनुभव घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

कुंडीत गवताच्या पात्यांसारखी चार-पाच पानं होती, मधोमध बोटभर उंचीची काडी आणि काडीच्या टोकाला वाळलेलं फूल. या रोपाला पुस्तकात लांबलचक नाव आहे. ते ताईला येतं, मला येत नाही. ताई त्याला खडूस म्हणते. मूळचा तो आमच्या शहरामागच्या टेकडीवरचा. टेकडीचा माथा म्हणजे सलग काळा खडक, टक्कल पडल्यासारखा. त्याच्या भेगांमध्ये दोन बोटं माती साठते, आणि जिथं दुसरं कुठलंही झाड भाड्यानंसुद्धा राहायला जाणार नाही तिथं खडूस पिढ्यान् पिढ्या राहतो. पाऊस होऊन गेला की काडी वर येते, दुपारी सहा पाकळ्यांचं जांभळं फूल उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. त्याला चांगली माती द्या, खत द्या, रोज पाणी घाला, तो फुलणार नाही. म्हणून खडूस.

माथ्यावर पाण्याची जुनी टाकी होती. तिच्या मागच्या एका भेगेत मात्र खडूसची फुलं पांढरी यायची. आख्ख्या टेकडीवर तेवढीच. ताई दर वर्षी घडीचं स्टूल घेऊन त्या भेगेपाशी चित्रं काढत बसायची. मग जुनी टाकी पाडून मोठी बांधायचं ठरलं. मशीन येणार म्हणताच ताई आदल्या दिवशी लोणी लावायची सुरी घेऊन वर गेली आणि दगडावर पालथी पडून एक कंद सोडवून आणला. बाकीचे इतके खोल होते की सुरी वाकली, कंद हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती भेगच राहिली नाही.

तो कंद तिनं दगड भरलेल्या कुंडीत लावला. दोन वर्षं त्यानं नुसती पानं काढून दाखवली. यंदा फूल आलं. पांढरं. ताईनं आम्हाला सगळ्यांना घरी बोलावून ते दाखवलं. शर्टाच्या बटणाएवढं होतं. आम्ही "छान आहे" म्हणालो. एवढ्या लहान वस्तूला माणूस दुसरं काय म्हणणार? नंतर चहा संपेपर्यंत ताई कुणाशी बोलली नाही.

आता माझ्या भाचीला जुळं झालं होतं आणि ताईला तिकडे जाणं भाग होतं. तिचा बेत सरळ होता. पुढचा पाऊस पडल्यावर कुंडीत नवं पान दिसलं की मी फोन करायचा. ती येऊन खडूसला टेकडीवर दुसऱ्या एखाद्या भेगेत लावणार. "एकदा तो दगडात बसून पांढरा फुलला की मी मोकळी," ती म्हणाली. मोकळी म्हणजे इथलं घर सोडून कायमची लेकीकडे. तिथं तिची खोली तयार होती. खोलीतले पडदे तिचे फोनवरून नापसंतही करून झाले होते.

थोडक्यात, टेकडीवरचा शेवटचा पांढरा खडूस आमच्या गॅलरीत आला.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मी रोज सकाळी चहा घेऊन कुंडीसमोर बसायचो आणि काही करायचो नाही. मग पानं पिवळी पडली. मग तपकिरी झाली. मग एक दिवस वाऱ्यानं उडूनच गेली. कुंडीत उरले दगड आणि चिमूटभर माती.

"अहो, ते रोप वाळलं," बायको म्हणाली.

"हो."

"नुसतं हो काय?"

"काही करायचं नाही असं ताईनं सांगितलंय."

"मरायला लागलं तरी?"

"त्याबद्दल वेगळं काही सांगितलं नाही."

माझ्या बायकोनं एका मोठ्या रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळलेलं आहे. जगातले निम्मे आजार उपाशीपोटी होतात आणि उरलेले अर्धपोटी, असं तिचं मत आहे. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की जणू मी रोग्याचं ताट परत पाठवलंय.

"ताईंना फोन तरी करा," ती म्हणाली.

मी केला. पलीकडून एक बाळ रडत होतं आणि दुसरं रडायच्या तयारीत होतं.

"कसा आहे रे माझा?" ताईनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

"काही करत नाहीस ना त्याला?"

"छे."

"शाब्बास," ताई म्हणाली, आणि दुसरं बाळ सुरू झालं.

"सांगितलंत का नाही?" बायकोनं विचारलं.

"तिनं शाब्बास म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं. त्याच्यावर मी काय बोलणार?"

त्यानंतर कुंडीत गोष्टी घडायला लागल्या.

सकाळी चहा घेऊन बसलो की माती ओली दिसायची. दव असेल म्हणावं, तर शेजारची कुंडी कोरडी ठणठणीत. मग मुंग्या आल्या. मग एक दिवस कुंडीत बरोबर मधोमध गोल भोक दिसलं, अगदी निगुतीनं पाडलेलं. दुसऱ्या दिवशी भोक बुजलेलं. तिसऱ्या दिवशी माती कालच्यापेक्षा वर आलेली. मी खुर्चीतून हललो नव्हतो. मी काहीच करत नव्हतो आणि कुंडीत सगळं होत होतं. काही दिवस मला मांजराचा संशय होता. पण मांजर बुजवतं ते इतकं सपाट बुजवत नाही, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर मांजर येत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातले लोक माझ्याशी फार चांगलं वागायला लागले होते. बायको मला न मागता दुसऱ्यांदा वाढायची. मुलगा दातांचा डॉक्टर आहे, तो घरी तोंड उघडत नाही, दिवसभर दुसऱ्यांची उघडून दमलेला असतो. तोसुद्धा एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, काही मुळं वाचवता येत नाहीत. त्यात कुणाची चूक नसते."

"कुणाची मुळं?" मी विचारलं.

"एकूणच म्हणतोय," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

सून विमा कंपनीत आहे. आग लागली, पूर आला, गाडी ठोकली, की जाऊन नुकसान किती झालं ते बघायचं, हे तिचं काम. ती एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बूट घालून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, टेकडीवर फिरायला येता?"

लग्न होऊन आल्यापासून तिनं मला पहिल्यांदाच फिरायला बोलावलं होतं. मी गेलो. माथ्यावर पोचलो तेव्हा तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पर्समधून मोठा डाव काढला. आमटीचा.

"हे कशाला?"

"बाबा, मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. फक्त इतका मोठा घेतला नसता."

"काय मोठा?"

"जाऊ दे. इथं ती फुलं असतात ना?"

मी माथ्यावर नजर फिरवली. फुलं सोडाच, एक पातं नव्हतं. खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता काळा दगड, वर ऊन, आणि भेगांमध्ये वाळलेली काटकं. नवी टाकी मध्ये उभी होती, निळ्या रंगाची, एखाद्या परक्या पाहुण्यासारखी. मी इथं पावसाळ्यात आलोय. पाय ठेवायला जागा शोधावी लागते इतकं जांभळं असतं. आणि आता काही नव्हतं.

"सगळी मेली," मी म्हणालो.

"एकाच वेळी?"

"कुंडीतलं गेलं, हीसुद्धा गेली. साथ आली असणार."

सुनेनं थोडा विचार केला. नुकसान मोठं दिसलं की ती आधी शांत होते, तो तिच्या नोकरीचा भाग आहे. मग ती एका भेगेपाशी बसली आणि डाव आत घालून खरवडायला लागली. बऱ्याच खटपटीनंतर दगडाच्या कडेला तिला एक कंद लागला, सुपारीएवढा, तपकिरी सालीचा. नंतर आणखी एक.

"हे जिवंत आहेत का?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण साधारण तसेच आहेत. वस्तू गेली की त्याच बनावटीची, त्याच मापाची वस्तू द्यायची, एवढंच आपल्या हातात असतं."

"पण ताईचा पांढरा होता."

"रंगाचं नंतर बघू. आत्ता कुंडीत काहीतरी असायला हवं, बाबा. आत्या आल्यावर तिथं नुसता तो निघाला तर बरं दिसेल का?"

"नुसता तो म्हणजे कोण?"

तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि कंद रुमालात बांधले. उतरताना मी तिला पुन्हा विचारलं, तर म्हणाली की या वयात होतं असं.

मग काही आठवडे गेले आणि एका सकाळी कुंडीतून हिरवं टोक वर आलं. दुसऱ्या दिवशी ते बोटभर झालं. तिसऱ्या दिवशी दोन पाती. पाऊस लांब होता, टेकडी तापलेली होती, पण मला वाटलं, आमच्या गॅलरीत सावली आहे, त्याला आवडलं असेल. मी इतका खूश झालो की कुणाला काही न विचारता आत जाऊन ताईला फोन लावला.

"पान आलं," मी म्हणालो.

"आत्ता? या दिवसांत?"

"दोन आली. चांगली जाड आहेत."

"जाड?" ताई म्हणाली. "बरं. येते."

मी बाहेर येऊन ही बातमी सगळ्यांना सांगितली. टेबलाभोवतीचे चेहरे असे झाले, की मला वाटलं ताईलाच काही झालं.

"तुम्हाला फोन करायला कुणी सांगितलं होतं?" बायको म्हणाली.

"ताईनं. पान आलं की फोन करायचा. हे एवढंच तर करायचं होतं मला."

मुलानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनं कांद्याच्या टोपलीकडे पाहिलं. मी कुणाकडे बघावं ते मला कळेना.

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बॅग दारात टाकून थेट गॅलरीत गेली. कमरेवर हात ठेवून कुंडीकडे बघत उभी राहिली. मग वाकून एक पात बोटांत चुरगाळली आणि हुंगली.

"बाळ्या," ती म्हणाली, "हा कांदा आहे."

"खडूसचा?"

"भाजीचा."

मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. ताईनं वर्तमानपत्र मागितलं, ते जमिनीवर पसरलं आणि कुंडी त्याच्यावर पालथी केली. दगड गडगडले, माती सांडली. पाती आलेला कांदा एका बाजूला लवंडला. आणि मातीतून आणखी तीन कंद बाहेर आले, सुपारीएवढे, तपकिरी, तिन्ही सारखे.

ताईनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघं ओळीनं उभे होतो. रंगपेट्या कुणीच आणल्या नव्हत्या.

"कांदा कुणाचा?"

"माझा," बायको म्हणाली. "ताई, मी रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालत होते त्याला. अंगी लागेल म्हणून. तरी काही हालचाल नाही. म्हणून एक दिवस बोट घालून बघितलं, तर आत काहीच नाही. मला वाटलं उंदरानं नेलं. तुमची कुंडी रिकामी कशी ठेवायची? टोपलीतला सगळ्यात लहान कांदा घेतला. लहान होता हो तेव्हा."

"उंदरानं नाही, मी नेला होता," मुलगा म्हणाला. "दवाखान्यात."

"दवाखान्यात?" आता बायकोनं विचारलं.

"एक्स-रे काढायला. मूळ जिवंत आहे की नाही, बाहेरून कसं कळणार? दोन दिवसांत परत आणून लावला. मधे काहीतरी टणक लागलं, मला वाटलं दगड आहे, म्हणून कडेला बसवला."

"मुळं खाली करून बसवलास ना?" ताईनं विचारलं.

मुलानं दोन बोटं हवेत धरून आधी वर, मग खाली वळवून पाहिली.

"मी त्या दिवशी सगळे वरच्या जबड्याचेच दात बघत होतो, आत्या," तो म्हणाला. "वरच्या दातांची मुळं वर असतात."

ताईनं डोळे मिटले आणि उघडले.

"आणि तू?"

"मी माती जरा बाजूला करून पाहिली, तर मला कांदा दिसला," सून म्हणाली. "मला वाटलं बाबांनी लावला. म्हणून मी बाबांना घेऊन टेकडीवर गेले आणि हे दोन आणले. कांदा काढला नाही. पंचनाम्याच्या आधी जागेवरची वस्तू हलवायची नसते."

"मी लावला?" मी म्हणालो. "मी तर काहीच केलं नाही."

"तेच तर," बायको म्हणाली. "तुम्ही काही केलं नाहीत म्हणून आम्हाला हे सगळं करावं लागलं. ते मेलं तरी तुम्ही चहाच पीत होतात."

"अगं, मेला नव्हता तो," ताई म्हणाली. "झोपला होता."

तिनं कांदा उचलून वर्तमानपत्राबाहेर ठेवला.

"पावसाळ्यानंतर पानं वाळतात आणि तो खाली कंदात झोपतो. दर वर्षी झोपतो. पुढचा पाऊस येईपर्यंत त्याला उठवायचं नसतं. म्हणून तर म्हटलं, काही करू नका."

"मग झोपतो म्हणून सांगायचं ना," मी म्हणालो.

"हे काय सांगायचं? टेकडीखाली जन्म गेला तुझा."

ताई खाली बसली आणि एकेक कंद हातात घेऊन दाबून बघायला लागली. एक किंचित मऊ होता. तिनं तो जरा जास्त वेळ हातात धरला.

"यातला माझा कोणता?" ती म्हणाली. तिचा आवाज आता शिकवण्याचा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

"उलटा लावलेला असेल तो तुमचा, आत्या," सून पटकन म्हणाली.

"कुंडी पालथी केली तेव्हा सगळेच उलटे झाले," ताई म्हणाली.

मुलगा धावत आत गेला आणि एक्स-रेची छोटीशी फिल्म घेऊन आला. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि शेजारी एक कंद धरला.

"हाच," तो म्हणाला.

"दुसरा बघ."

त्यानं दुसरा धरला. बराच वेळ पाहिलं.

"हासुद्धा हाच," तो म्हणाला. "तिसऱ्याचं मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण नाही म्हणायलाही जागा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं तिन्ही कंद कागदी पिशवीत घातले आणि मला बरोबर घेऊन टेकडीवर गेली. कांदा घरी ठेवला. बायकोनं तो नंतर कशात तरी घातला आणि आम्ही खाल्ला. कुणी विषय काढला नाही.

माथ्यावर आलो तेव्हा मी म्हणालो, "ताई, इथं काही उरलेलं नाही. मी बघून गेलोय."

"सगळे इथंच आहेत," ताई म्हणाली. "त्या बाजूनं चाल. त्यांच्या डोक्यावर उभा आहेस."

मी बाजूला झालो. पण कुठं उभं राहिलं म्हणजे कुणाच्या डोक्यावर नाही, ते काही कळत नव्हतं. सगळा माथा तसाच काळा, तापलेला, रिकामा, आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे खाली खच्चून भरलेला. मी एका पायावर बराच वेळ काढला. ती तोवर भेगा निवडत होती. नव्या टाकीपासून लांब, उताराच्या कडेला, तिला तीन भेगा पसंत पडल्या. तिनं एकेका भेगेत एकेक कंद बसवला, मुळं खाली करून, आणि वर खडी सारली.

"आता?" मी विचारलं.

"आता हलवल्याचा राग येतो त्याला. एखादं वर्ष फुलणार नाही, कदाचित दोन. फुलल्याशिवाय पांढरा कोणता ते कळायचं नाही. तिघांत तो जगलाच तर."

"आणि नाही जगला तर?"

ताईनं हाताची माती झटकली आणि उतरायला लागली.

भाचीचा फोन संध्याकाळी मला आला. "मामा, खोली तयार करून ठेवलीय. आई कधी येतेय?" मी म्हणालो, फूल आलं की. "ते कधी येणार?" मी म्हणालो, ते खडूसला विचारावं लागेल. तिनं फोन ठेवला, तो ठेवण्याचा आवाज तिच्या आईसारखाच होता.

ताईचं घर रिकामं करायचं राहिलं. खडूस झोपला की ती लेकीकडे जायची, उठायच्या बेताला आला की परत यायची. एकदा मी म्हणालो की आता तुमचं दोघांचं एकच वेळापत्रक झालं, तर तिच्याकडे मला चहा उशिरा मिळाला. पहिल्या वर्षी तीनपैकी दोन भेगांतून पानं आली. तिसरीतून आली नाहीत. मऊ लागला होता तो कोणत्या भेगेत ठेवला, ते ताईला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरता सरता एका भेगेत कळी दिसली.

ताईनं सगळ्यांना वर बोलावलं. माथा जांभळा झाला होता. आम्ही चवड्यांवर चालत त्या भेगेपर्यंत गेलो आणि गोल करून बसलो. दुपार चढली तशी कळी हलली, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत पाकळ्या सुट्या झाल्या.

सगळ्यांची डोकी पुढे आली.

"पांढरं," बायको म्हणाली.

"जांभळं," सून म्हणाली. "फिकं आहे, पण जांभळं."

ताईनं खिशातून रुमाल काढून फुलाच्या मागे धरला. पांढऱ्या रुमालापुढे ते स्पष्ट जांभळं दिसलं. तिनं रुमाल काढला. आता मागे टेकडीवरची बाकीची फुलं आली आणि त्यांच्यापुढे ते स्पष्ट पांढरं दिसलं. तिनं रुमाल पुन्हा धरला. पुन्हा काढला. शाळेत चाळीस-चाळीस पोरांना रंग ओळखायला शिकवलेली बाई, तिचा हात मध्येच थांबला.

"कुंडीतलं असं नव्हतं," ती म्हणाली. "का होतं? आता मला आठवतंय तेही खरं की काय, कोण जाणे."

"आत्या, थांबा," मुलगा म्हणाला. त्यानं बॅगेतून एक पट्टी काढली. तिच्यावर खोट्या दातांची रांग होती, पांढऱ्याच्या सगळ्या छटांची. नवा दात बसवताना शेजारच्या दाताशी रंग जुळवायला ती लागते. तो पालथा पडला आणि एकेक दात फुलाला लावून बघायला लागला. टेकडीवर फिरायला आलेलं एक जोडपं जरा दुरून आमच्याकडे बघत उभं राहिलं आणि मग दुसऱ्या वाटेनं गेलं.

"हा नाही. हा पिवळट आहे. हा जवळ येतो, पण..." तो उठून बसला. "मोठ्या माणसाच्या दातांत हा रंग नाही. दुधाच्या दातांत एखादवेळेस दिसतो."

"म्हणजे पांढरं," बायको म्हणाली.

"असं मी म्हटलं नाही, आई."

ताईच्या पर्समधला फोन वाजला. तिनं तो न बघता माझ्याकडे दिला. भाची होती. मागून दोन मुलांचा आवाज येत होता, आता ती शब्द बोलायला लागली होती.

"मामा, उघडलं का?"

"उघडलं."

"मग? पांढरं आहे ना?"

मी फुलाकडे पाहिलं. पांढरं म्हणालो तर ताई आठवड्याभरात सामान बांधणार, आणि तिचं समाधान होणार. जांभळं म्हणालो तर ती राहणार, आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन माझ्या चुका काढणार, पण तो शेवटचा पांढरा आमच्या हातून गेला हे तिच्या मनातून कधीच जाणार नाही. मला तिनं राहायला हवं होतं. मला ते फूल पांढरं असायला हवं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं मागायचं, ते मला सुचेना. आणि खरं सांगायचं तर रंगही मला कळत नव्हता.

"ताई, काय सांगू?" मी विचारलं.

ताई दगडावर कोपर टेकून फुलाजवळ तोंड नेऊन बसली होती. चष्मा काढला होता, पुसला होता, पुन्हा लावला होता.

"ऊन फार आहे," ती म्हणाली. "उन्हात पांढरं भडक दिसतं. जरा उतरू दे."

मी भाचीला सांगितलं की ऊन उतरू दे. ती म्हणाली, आईला फोन द्या. ताई म्हणाली, आत्ता नाही. आम्ही बसून राहिलो. बायकोनं डबा उघडला आणि फुलाला सोडून सगळ्यांना वाढलं. सून एकदा पांढरं म्हणाली आणि बायको जांभळं. मग आपापलं मत बदललेलं दोघींच्या लक्षात आलं आणि दोघी जेवायला लागल्या.

ऊन उतरलं. ताईनं चष्मा सारखा केला, रुमाल हातात घेतला. त्याच वेळी पाकळ्या आत वळायला लागल्या आणि बघता बघता फूल मिटलं. मिटलेली कळी बाहेरून हिरवट दिसत होती.

"उद्या दुपारी ढग आले तर बरं," ताई म्हणाली. तिनं माझा हात धरून स्वतःला उठवलं आणि आपली बसायची जागा नीट बघून ठेवली.

फोन अजून माझ्या हातात होता. पलीकडे भाची "मामा, मामा, काय ठरलं?" म्हणत होती.

"मिटलं," मी म्हणालो.

"मिटलं म्हणजे? प्रश्न मिटला का?"

"नाही गं," मी म्हणालो, "फूल," आणि ताईच्या मागोमाग, कुणाच्या डोक्यावर पाय पडू नये अशा बेतानं, उतरायला लागलो.